कॅमेरा कपाटातून बाहेर काढा : जिल्ह्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य, संस्थाचालक आणि माध्यम विभागांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की नाशिकच्या सीबीएसपासून द्वारकेपर्यंत चौकाचौकात तुमचे फलक झळकू लागतात. ‘फिल्म अँड व्हिडिओ प्रॉडक्शन’, खाली क्रेनवर बसलेला कॅमेरामन, कोपऱ्यात क्लॅपबोर्ड. तो कॅमेरामन बहुधा कुठल्या तरी परदेशी सेटवरचा, नेटवरून उतरवलेला असतो. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, जाहिरात ती जाहिरात. मला बोलायचंय ते तुमच्या विभागातल्या खऱ्या कॅमेऱ्याबद्दल. तो कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

मी या जिल्ह्यात एक छोटा एडिटिंग स्टुडिओ चालवतो. लग्नं, कीर्तनं, शाळांची गॅदरिंग, शेतीच्या औषधांचे व्हिडिओ, निवडणूक लागली की उमेदवारांची रील्स, आणि एखाद्या वर्षी नशीब असलं तर मनासारखा माहितीपट. तुमची मुलं माझ्याकडे ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला येतात. काही कॉलेजांत मला बहिःस्थ परीक्षक म्हणूनही बोलावणं असतं. त्यामुळे मुलं उत्तरपत्रिकेत काय लिहितात तेही मी बघतो आणि एडिटिंगच्या टाइमलाइनवर काय करतात तेही बघतो. कुठल्याही कॉलेजचं नाव मी इथे घेणार नाही. ज्यांच्याकडचं कपाट उघडं असतं त्यांनी हे पत्र शेजारच्या कॉलेजला पाठवून द्यावं.

कुलूप का लागतं, हे मला कळतं. संस्थेने किंवा एखाद्या अनुदानातून दीड-दोन लाखांचा कॅमेरा घेतला जातो. त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होते आणि नोंदीसमोर विभागप्रमुखांची सही असते. उद्या लेन्सला ओरखडा आला तर लेखापरीक्षणात उत्तर कोणी द्यायचं? पगारातून कापून घेतील ही भीती खोटी नाही. मग तो बिचारा माणूस चावी खिशात ठेवतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कमिटी आली की टेबलावर कापड अंथरून कॅमेरा, दोन लेन्स, गिंबल असं सगळं मांडलं जातं, मुलांना इस्त्रीचे शर्ट घालून शेजारी उभं केलं जातं, आणि कमिटीची गाडी गेटबाहेर पडली की वस्तू पुन्हा आत.

पण कपाटात वस्तू सुरक्षित राहते हा मोठाच गैरसमज आहे. पावसाळ्यात बंद कपाटात, कापडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसायला लागतात आणि मग ती लेन्स साफ करायला पाठवायची म्हटलं की निम्मी किंमत त्यातच जाते. लिथियमच्या बॅटऱ्या महिनोन्‌महिने चार्ज न करता ठेवल्या की एक तर मरतात नाही तर फुगतात. एका कॉलेजात परीक्षेला गेलो होतो तेव्हा मी सहज म्हणून लेन्स उजेडाकडे धरून पाहिली. आत बुरशीची नक्षी. मुलांना त्या लेन्सला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणजे मुलांनी तर ती बिघडवली नव्हती. वापरातली लेन्स पुसली जाते, तिला उजेड-वारा लागतो, म्हणून ती टिकते. तुमच्या विभागात एकही सिलिका जेलची पुडी नसेल आणि तरी लेन्स चांगली हवी असेल, तर ती रोज कोणाला तरी वापरायला द्या.

आता परीक्षेचं. लेखी पेपरात प्रश्न असतो, ‘शटर स्पीड म्हणजे काय ते सांगून त्याचे महत्त्व स्पष्ट करा. गुण ५.’ बहुतेक मुलं व्याख्या बरोबर लिहितात. काही जणी तर आकृतीसुद्धा छान काढतात. त्याच मुलांचा प्रोजेक्ट मी दुपारी बघतो, तर वर्गातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेल्या प्रत्येक शॉटमध्ये काळसर पट्टे वरून खाली सरकत असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/६० वर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर राहिलं की पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० वर आणलं की जातात. एवढी साधी गोष्ट. तोंडी परीक्षेत मी विचारलं, हे पट्टे कशाचे? एक मुलगा म्हणाला, ‘सर, मॉनिटर खराब आहे.’ पाचपैकी साडेचार गुण मिळालेला मुलगा होता तो. त्याला मी दोष देत नाही. शटरची चकती फिरवून, पट्टे जाताना बघायला त्याला कोणी दहा मिनिटं कॅमेरा दिलाच नव्हता. तबल्याच्या परीक्षेत बोल नुसते लिहून दिले तर चालतात का? हाताने वाजवून दाखवावंच लागतं.

आणि प्रोजेक्ट! तीन वर्षांत एक, शेवटच्या सत्रात, ‘किमान दहा मिनिटे, सामाजिक संदेश आवश्यक’. या एका ओळीने जेवढं नुकसान केलंय तेवढं कपाटानेही केलं नसेल. दरवर्षी तेच विषय: हुंडा, दारू, मोबाईलचं व्यसन, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षेत नापास झालेला मुलगा गच्चीवर. सुरुवातीला भाड्याच्या ड्रोनने गंगापूर धरण, मग स्लो मोशनमध्ये चालणारे पाय, मग काळ्या पडद्यावर संदेश. दहा मिनिटं भरायची म्हणून प्रत्येक शॉट गरजेच्या दुप्पट लांब. आवाज ऐकूच येऊ नये म्हणून सिनेमाचं गाणं खाली चालू ठेवलेलं. ते गाणं वापरायचे हक्क नसतात, त्यामुळे ती फिल्म धड कुठल्या महोत्सवाला पाठवता येत नाही, नेटवर टाकली तर तिथेही अडकते. शेवटी नामावलीत ‘विशेष आभार : मा. प्राचार्य’ आणि त्यात जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षराला लागलेल्या. कारण सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडायचा असतो हे कोणी सांगितलेलं नसतं. तुमचंच नाव फुटतं, साहेब, निदान त्यासाठी तरी लक्ष घाला!

या सगळ्यात एक फिल्म मला आठवते. निफाड तालुक्यातली एक विद्यार्थिनी. तिने लासलगावच्या बाजार समितीतला कांद्याचा लिलाव टिपला होता, स्वतःच्या फोनवर. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, लिलाव पुकारणारा पुढे, त्याच्या मागे व्यापाऱ्यांचा घोळका, एकेका ट्रॉलीपाशी अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाहीत. कोणी मूठभर कांदे उचलतो, एखादा दाबून बघतो, बोली वर चढते, थांबते, घोळका पुढच्या ट्रॉलीला. शेतकरी ट्रॉलीवरच उभा. गर्दीत फोन धरून आवाज मिळणं अशक्य, सगळीकडे ट्रॅक्टरची धडधड. पण तिच्या फिल्ममध्ये बोली लख्ख ऐकू येत होती. मी विचारलं, कसं केलंस? तर तिने मैत्रिणीचा फोन रेकॉर्डिंग चालू करून लिलाव पुकारणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला होता. त्याआधी दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवली होती, आणि एडिटला बसल्यावर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवून घेतली होती. क्लॅपबोर्ड दुसरं काय करतो? हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. गरज पडली, तिने डोकं चालवलं.

फिल्म चार मिनिटांची होती. शेवटी भाव ऐकल्यावर शेतकरी काहीच बोलत नाही, ट्रॉलीवरून उतरतो आणि हिशोबाची पट्टी घ्यायला निघतो, तिथे कट. संदेश नाही. अंतर्गत गुणांत तिचे गुण कापले होते, कारण ‘वेळेची अट पूर्ण नाही’. माझ्या हातात जेवढे गुण होते तेवढे मी दिले. पण नियम तुमचा होता.

दरवर्षी ३० एप्रिलला तुम्ही फाळक्यांच्या फोटोला हार घालता. विभागाची सहल पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात जाते. चांगलंच आहे, त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस आपला. पण त्यांनी सुरुवात कशी केली ते मुलांना सांगता का? १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आल्या आल्या मोठा चित्रपट करायला घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ दिवसेंदिवस एकेक फ्रेम करून टिपली. अंकुर फुटून वेल होईपर्यंतचं सगळं पडद्यावर काही क्षणांत. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. घरात सरस्वतीबाई फिल्मला छिद्रं पाडायला आणि ती धुवायला शिकल्या. १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. म्हणजे भारतीय सिनेमाच्या जनकाने आधी सराव केला, आणि तो सराव पडद्यावर काही मिनिटांचाही नव्हता. तुमच्या नियमाने त्यांनाही वेळेची अट नडली असती.

कोल्हापूरकडे बघा. बाबूराव पेंटरांनी तर परदेशी कॅमेरा मिळेना म्हणून स्वतःच कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी पडेल ते काम करत हात बसवला आणि तिथून बाहेर पडून १९२९ मध्ये ‘प्रभात’ ही फिल्म कंपनी काढली. ‘प्रभात’ पुढे पुण्याला गेली, आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे मोजक्या जागा, देशभरातून झुंबड. आपल्या मुलांपैकी एखाद-दुसरा पोचेल, जरूर पोचावा. पण बाकीच्यांचं काय? त्यांच्यासाठी तुमचंच कॉलेज आहे. आणि गावाकडच्या कॉलेजातून काही होत नाही असंही नाही. नागराज मंजुळे शेजारच्या अहिल्यानगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकले आणि त्यांच्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे उदाहरण तुम्ही स्वागत समारंभाच्या भाषणात देता, मी ऐकलंय. भाषणानंतर कपाटाची चावीही द्या.

ज्या थोड्या कॉलेजांत कॅमेरा बाहेर मिळतो तिथली वेळ अकरा ते पाच. ऑफिसची वेळ म्हणून ती ठीक असेल. कॅमेऱ्यासाठी दिवसातला सगळ्यात वाईट उजेड नेमका याच वेळेत असतो. ऊन डोक्यावर, माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, आकाश पांढरंफटक. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी सूर्य उतरल्यावर जो तासभर मिळतो, त्यासाठी मोठमोठी युनिटं पहाटे चारला गाड्या काढतात. तुमच्या मुलांनी तो उजेड कॅमेऱ्यातून कधी पाहिलेलाच नसतो. वस्तू शुक्रवारी संध्याकाळी द्या, सोमवारी सकाळी परत घ्या. चौघांच्या गटाला द्या, चौघांच्या सह्या घ्या, देताना आणि घेताना लेन्सचे फोटो काढून ठेवा. जबाबदारी सोपवली की मुलं वस्तू जपतात. ज्या फोनचे हप्ते अजून चालू आहेत तो फोन ती कसा सांभाळतात ते तुम्ही रोज बघताच. मुलींच्या बाबतीत ‘संध्याकाळी शूट नको’ असं म्हणून विषय संपवू नका. गटासोबत एक शिक्षक द्या, पालकांशी एकदा बोला. माझ्याकडे काम केलेल्या चांगल्या एडिटरांत मुली जास्त आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांनी कॉलेजात कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता.

संगणक लॅबचा एक किस्सा सांगतो, कारण त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मुलांनी दिवसभर एडिट केलं, संध्याकाळी मशीन बंद करून घरी गेली. सकाळी आली तर सगळं गायब. लॅबमध्ये डीप फ्रीझ नावाचं सॉफ्टवेअर टाकलेलं होतं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं पहिल्यासारखं. व्हायरस येऊ नये म्हणून चांगली सोय, टॅलीच्या वर्गासाठी. पेनड्राइव्हलाही बंदी. मग मुलांनी काम न्यायचं कुठे? त्यांनी शेवटी सगळा प्रोजेक्ट मोबाईलच्या अ‍ॅपवर कापला आणि लॅब फक्त हजेरीपुरती वापरली. एडिटसाठी चार मशीन वेगळी ठेवा, त्यांत रॅम वाढवा, प्रत्येक गटाला एक हार्डडिस्क द्या. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत म्हणू नका, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती विद्यार्थ्यांच्या कामाला पुरून उरते.

खर्चाचंच निघालं म्हणून सांगतो, नवीन कॅमेरा घेऊ नका. मुलांच्या खिशातले फोन चित्रासाठी पुरेसे आहेत. पैसे आवाजावर घाला. दोन कॉलरमाइक, एक बूम (लांब दांड्यावरचा माइक), एक रेकॉर्डर. आवाज ऐकायला शिकवा. शूट सुरू करण्याआधी पंखा बंद करायचा, फ्रिजचं बटण काढायचं, आणि पॅकअप म्हणायच्या आधी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प उभं राहून त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. हे सांगितलं की पहिल्यांदा मुलं हसतात. एडिटला बसल्यावर दोन वाक्यांच्या मधे भोक पडतं तेव्हा ते बुजवायला त्यांना तो अर्धा मिनिट आठवतो.

याचा रोजगाराशी संबंध आहे. तुमच्या फलकावर दिग्दर्शकाची खुर्ची असते, पण जिल्ह्यात काम कुठलं आहे ते मुलांना पहिल्या दिवशी सांगा. लग्नाचा सीझन, शाळांची गॅदरिंग, क्लासवाल्यांची लेक्चर्स, दुकानांची रील्स, आणि कीर्तन. कीर्तनाची चॅनेलं किती जोरात चालतात याची तुम्हाला कल्पना नसेल. तिथे महाराज बोलतायत, मागे पखवाज, वीस-पंचवीस टाळ, मधेच विणेकरी, आणि पोरगं कॅमेऱ्यावरच्या माइकने आवाज घेतंय. मिक्सरमधून फीड काढायची, समोरच्या श्रोत्यांसाठी वेगळा माइक लावायचा, एवढं ज्याला येतं त्याला सप्ताहाच्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. ही कामं कमी प्रतीची आहेत असं मुलांच्या मनात कोणी तरी भरवून ठेवलेलं असतं. त्या कामावर हात बसला की तोच हात माहितीपटालाही चालतो. सातारा-कोल्हापूरकडे मालिकांची युनिटं असतात, तिथे असिस्टंट म्हणून लागलेली आपली मुलं मला भेटतात. ती सांगतात की पहिल्या दिवशी डिग्री कोणी विचारत नाही. ‘उजेड परतवायला थर्माकोल कुठे धरायचा कळतं का?’ एवढंच विचारतात.

शिक्षकांबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी तासिका तत्त्वावरची माणसं शिकवतात. तासाचे पैसे, तेही उशिरा, आणि रविवारच्या शूटचा तास धरला जात नाही. नेट-सेट झालेला माणूस सिनेमाचा इतिहास उत्तम शिकवेल, त्याला बूम धरायला लावू नका. आणि ज्याने बरीच वर्षं मालिकांवर आवाज रेकॉर्ड केलाय त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू नका. २०२२ मध्ये यूजीसीने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची सोय केली, त्यात अनुभव बघितला जातो, पदवीचा आग्रह नाही. या सोयीत तुमचं कॉलेज कसं बसवायचं ते तुमच्या कार्यालयाने बघावं. तेही जमणार नसेल तर निदान कार्यशाळेला बोलवा, आणि मानधन त्याच दिवशी द्या. शाल-श्रीफळ दिलं नाही तरी चालेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने तुमच्या हातात एक चांगलं साधन आलंय. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास. चार क्रेडिटची ओजेटी म्हणजे १२० तास. हे तास कागदावर भरायचे की कॅमेऱ्यामागे, हे ठरवणारं विद्यापीठ नाही, तुम्ही आहात. अंतर्गत गुण तर पूर्णपणे तुमच्या हातात. दहा मिनिटांच्या एका प्रोजेक्टऐवजी पहिल्या सत्रापासून दर पंधरा दिवसांनी दोन मिनिटं मागा. एक पूर्ण क्रिया, संवादाशिवाय. मग एकच खोली, फक्त खिडकीच्या उजेडात. मग एका माणसाची मुलाखत, पंखा बंद करून. प्रत्येक वेळी वर्गात पडद्यावर लावा आणि सगळ्यांसमोर बोला. बहुतेक फिल्मा वाईट होतील. होऊ द्या. तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाच्या नावावर वीस-पंचवीस छोटी कामं जमतील आणि दहा मिनिटांची अट घालायची गरजच उरणार नाही. ज्यांच्याकडे दहा मिनिटं सांगण्यासारखं असेल ती मुलं स्वतःच तुमच्याकडे येतील. अभ्यास मंडळावर तुमच्यापैकी जे आहेत त्यांनी ‘सामाजिक संदेश आवश्यक’ ही ओळ येत्या बैठकीत काढून टाकण्याचा ठराव मांडावा, ही वेगळी विनंती.

तूटफूट होईल का? होईल. एखादा ट्रायपॉडचा पाय मोडेल, एखादं कार्ड हरवेल. वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगशाळा शुल्कातून थोडी रक्कम त्यासाठी बाजूला ठेवा आणि विभागप्रमुखांना लेखी द्या की वापरातली मोडतोड त्यांच्या पगारातून वसूल होणार नाही. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये दरवर्षी परीक्षानळ्या फुटतात, त्यासाठी कोणी चौकशी समिती बसवत नाही.

मी माझ्यापुरतं काय करणार तेही लिहितो. माझ्याकडे दोन एलईडी लाइट, एक बूम आणि एक जुना रेकॉर्डर असा संच आहे. लग्नाच्या तारखा सोडून तो संच कुठल्याही कॉलेजच्या गटाला शनिवार-रविवार नेता येईल, भाडं नाही, प्राचार्यांच्या सहीचं पत्र आणा. लेन्सची बुरशी बघायची असेल तर कपाटातल्या लेन्स माझ्याकडे घेऊन या, किती वाचण्यासारख्या आहेत ते मी सांगतो. आणि यंदा ओजेटीचं पत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे मी स्वतः शूट केलेली आणि स्वतः कापलेली पाच मिनिटं मागणार आहे, कशीही असोत. ज्यांच्याकडे ती नसतील त्यांच्या कॉलेजला मी पत्र पाठवून विचारणार आहे की विभागाच्या वस्तू वाटपाचं रजिस्टर कधी बघायला येऊ.

कळावे,

आपला नम्र,
लग्नं, कीर्तनं आणि क्वचित माहितीपट कापणारा एक एडिटर,
नाशिक जिल्हा